पदवीला असताना करिअर कसं ठरवायचं? नाशिकच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एफ.वाय.पासून टी.वाय.पर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पदवी होऊन वर्ष-दोन वर्षं झाली तरी गाडी मार्गी लागलेली नाही, अशांसाठीही आहे. उत्तरं नाशिक जिल्ह्याला धरून दिली आहेत. सातपूर, अंबडचे कारखाने, ओझरचा विमान कारखाना, दिंडोरी-निफाडच्या बागा, सीएंची कार्यालयं हे सगळं इथल्या विद्यार्थ्याच्या हाकेच्या अंतरावर आहे. तरीही बहुतेक जण यातलं काही आतून न बघताच निर्णय घेतात आणि पुढची तीन-चार वर्षं तो निस्तरत बसतात.

"करिअर ठरवायचं" म्हणजे नेमकं काय ठरवायचं?

"आयटीत जायचंय", "सरकारी नोकरी हवी", "फार्मात स्कोप आहे" ही क्षेत्रांची नावं झाली. तेवढ्यावर निर्णय घेता येत नाही. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत उभं राहून नमुने तपासणारा, त्याच कंपनीत कागदपत्रं तपासणारा आणि दवाखान्याबाहेर बॅग घेऊन डॉक्टरांची वाट बघणारा, तिघंही फार्मातच असतात. तिघांचा दिवस मात्र एकमेकांपेक्षा अगदी वेगळा असतो.

म्हणून पहिल्या नोकरीचं पद ठरवा. वहीची तीन पानं घ्या आणि प्रत्येक पानावर एका पदाचं नाव लिहा. त्याखाली पाच गोष्टी लिहा: रोजचं काम काय, आत शिरायला कोणती परीक्षा किंवा पात्रता लागते, वयाची आणि टक्क्यांची अट काय, पहिला पगार हातात येईपर्यंत किती महिने लागतील, आणि तोपर्यंत घरातून किती पैसे जातील. "रोजचं काम" या ओळीवर बहुतेकांचं पेन अडतं. ज्या पानावर ते अडलं, त्या पदाबद्दल तुम्ही फक्त ऐकलंय असं समजा. पुढचा आठवडा त्या माहितीसाठी द्या.

कल चाचणी दिली की कळेल का?

चाचणीतून एवढंच दिसतं की आकडे, भाषा, माणसं, यंत्रं यांपैकी तुमचा ओढा कुठे आहे. त्यापलीकडे ती जात नाही. "तुम्ही इंजिनीअरच व्हा" किंवा "तुम्हाला प्रशासनच सूट होतं" असा निकाल देऊन लगेच कुठल्यातरी कोर्सची पावती पुढे करणाऱ्यांपासून लांब राहा. त्यापेक्षा ज्या पदाचा विचार करताय, त्याचं काम चार आठवडे करून बघा. ते कसं करायचं हे खाली जागोजागी सांगितलं आहे.

मी एस.वाय.बी.एस्सी. केमिस्ट्रीला आहे. एम.एस्सी. केल्याशिवाय काही होत नाही म्हणतात. खरं का?

पूर्ण खरं नाही. सातपूर, अंबड, सिन्नर या औद्योगिक वसाहतींत औषध आणि रसायन कंपन्यांच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात, म्हणजे क्यू.सी.त, बी.एस्सी. झालेली मुलं-मुली घेतात. संशोधन, अध्यापन किंवा पुढे मोठ्या जबाबदारीच्या जागा हव्या असतील तर एम.एस्सी. लागते.

क्यू.सी.मधला दिवस कसा असतो ते आधी समजून घ्या. कच्चा माल आणि तयार माल यांचे नमुने येतात. वजन करायचं, द्रावण बनवायचं, टायट्रेशन किंवा एच.पी.एल.सी. या यंत्रावर तपासायचं आणि प्रत्येक आकडा त्या क्षणी नोंदवहीत लिहायचा. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही, तारीख, कारण टाकायचं. व्हाइटनर चालत नाही, गिरवलेलं चालत नाही. आधी कच्च्या कागदावर लिहून नंतर वहीत उतरवलेलंही चालत नाही. बाहेरून तपासणीला आलेला माणूस सर्वात आधी हीच वही उघडतो. ज्याला हा काटेकोरपणा जाच वाटतो, त्याला या कामात पहिल्या सहा महिन्यांतच नको होतं. ज्याला तो आवडतो, त्याची इथे चांगली प्रगती होते.

मुलाखतीतले प्रश्न साधे असतात आणि तिथेच मुलं पडतात. "०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचं एक लिटर द्रावण बनवायचं तर किती ग्रॅम घ्याल?" उत्तर आहे ४ ग्रॅम. लगेच दुसरा प्रश्न येतो: "मग त्याचं बळ नेमकं ०.१च आहे हे कशावरून?" सोडियम हायड्रॉक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, त्यामुळे वजनावर विसंबून चालत नाही. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटवर त्याचं प्रमाणीकरण करावं लागतं. जर्नल दुसऱ्याचं बघून पूर्ण करणाऱ्याला हा दुसरा प्रश्न झेपत नाही. म्हणून एस.वाय., टी.वाय.ची प्रॅक्टिकल्स स्वतःच्या हाताने करा.

एम.एस्सी.कडे जायचंच असेल तर आय.आय.टी.मधल्या प्रवेशासाठीची जॅम परीक्षा फेब्रुवारीत होते आणि तिचे अर्ज आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात. टी.वाय.ची दिवाळी उलटल्यावर चौकशी सुरू केली तर ते वर्ष हातचं गेलं.

बी.कॉम. करतोय. सी.ए. करू, एम.बी.ए. करू की नोकरी धरू?

तिन्ही वाटा एकाच कामावरून जातात, म्हणून आधी ते काम बघा. हिशेबाच्या कार्यालयाचा महिना तारखांवर चालतो: ७ तारखेला टी.डी.एस.चा भरणा, ११ला जी.एस.टी.आर.-१ (विक्रीचं विवरणपत्र), १४ला जी.एस.टी.आर.-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) तयार होतं, २०ला ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र). या तारखांच्या मधल्या दिवसांत खरेदीची बिलं २बीशी जुळवायची आणि ज्याचं बिल दिसत नाही त्या व्यापाऱ्याला फोन करायचा. हे एक महिनाभर एखाद्या कर सल्लागाराकडे बसून करा. आकडा जुळल्यावर तुम्हाला समाधान वाटतं की नुसता थकवा येतो, हे स्वतःलाच कळेल.

सी.ए.चं गणित असं आहे. बारावीनंतर गेलात तर फाउंडेशन द्यावं लागतं. वाणिज्य पदवीला किमान ५५ टक्के असतील, इतर पदवीला ६०, तर थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. इंटरचे सहा पेपर दोन गटांत असतात. दोन्ही गट सुटले की २ वर्षांची आर्टिकलशिप (सी.ए.च्या हाताखालचं प्रशिक्षण), मग फायनलचे सहा पेपर. पदवीनंतर सुरुवात केली आणि प्रत्येक परीक्षा पहिल्याच झटक्यात सुटली, तरी साडेतीन वर्षं धरा.

मुलं अडकतात ती उत्तीर्ण होण्याच्या अटीत. प्रत्येक पेपरला ४० आणि गटाची बेरीज ५० टक्के, दोन्ही हवं. तीन पेपरांत ७०, ६५ आणि ३९ पडले तर गट गेला. दिलासा इतकाच की ६० किंवा जास्त गुण पडलेल्या पेपरला पुढच्या तीन प्रयत्नांपुरती सूट मिळते. म्हणून नावडता पेपर शेवटी ठेवू नका. रोजचा पहिला दीड तास त्यालाच द्या.

घरून साडेतीन-चार वर्षांचा खर्च झेपणार नसेल तर बी.कॉम.नंतर थेट लेखापालाची नोकरी धरायला कमीपणा मानू नका. टॅली आणि जी.एस.टी. हाताखालचं असेल तर नाशिकमध्ये काम मिळतं. एम.बी.ए. मात्र दोन वर्षं काम करून केलं तर जास्त पदरात पडतं. अनुभव नसताना आणि साध्या संस्थेत केलेलं एम.बी.ए. अनेकांना बी.कॉम.च्याच पगारावर आणून सोडतं.

बी.ए. करून काय मिळणार?

बी.ए.च्या नावावर थेट नोकरी कमी मिळते, पण त्या पदवीने बरीच दारं उघडतात. ५० टक्के असतील तर बी.एड. (राखीव प्रवर्गाला ४५); शिवाय तीन वर्षांचं एल.एल.बी., एम.एस.डब्ल्यू., बँकेची लिपिक परीक्षा आणि लोकसेवा आयोग. वेळ जातो तो यातलं एकही न ठरवता एम.ए.ला प्रवेश घेण्यात.

शिक्षक व्हायचं असेल तर पायऱ्या नीट पाहा. दोन वर्षांचं बी.एड., पहिली ते आठवीसाठी टी.ई.टी. (शिक्षक पात्रता परीक्षा), शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल हे शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ. भरती दरवर्षी होत नाही, तेव्हा मधल्या काळात पोट कशावर चालेल ते आधी ठरवा. कॉलेजात शिकवायचं असेल तर एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. नेटबरोबर जे.आर.एफ. मिळाली तर संशोधनाला दरमहा ३७,००० रुपये अधिछात्रवृत्ती आहे. जे.आर.एफ.साठी खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा ३० आहे, ती लक्षात ठेवा.

एम.पी.एस.सी.ला किती वर्षं द्यावीत?

हा सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि सर्वात जास्त नुकसानही इथेच होतं. वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. ती एवढी लांब असल्यामुळे "अजून वेळ आहे" असं वाटत राहतं. अभ्यासिकेत त्याच खुर्चीवर सहावं वर्ष काढणारी मुलं हुशार नसतात असं नाही. त्यांनी कधी थांबायचं हे सुरुवातीला लिहून ठेवलेलं नसतं.

सुरू करण्याआधी एक गोष्ट करा. राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा मागचा पेपर एक तयारी न करता, घड्याळ लावून, सलग सोडवा. सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न, २०० गुण, २ तास, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण वजा. किती पडले याला फार महत्त्व देऊ नका. पेपर झाल्यावर चुकलेले प्रश्न उघडून कारण शोधावंसं वाटलं का, ते पाहा. ते दोन तास नकोसे झाले असतील, तर हाच अभ्यास दोन वर्षं रोज आठ तास कसा होईल, हे स्वतःला विचारा.

२०२५पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे: लेखी १,७५० गुण, मुलाखत २७५. म्हणजे पर्याय ओळखण्याची सवय आता पुरत नाही. पहिल्या महिन्यापासून रोज एक उत्तर हाताने लिहा आणि ते कुणालातरी तपासायला द्या. जुन्या पद्धतीच्या नोट्स आणि क्लासच्या व्हिडिओंवर विसंबलेली मुलं नेमकी इथे मागे पडतात.

आमचं मत स्पष्ट आहे: पदवीनंतर पूर्णवेळ दोन परीक्षाचक्रं द्या. पहिल्या चक्रात पूर्वपरीक्षेच्या सीमारेषेच्या जवळपासही नसाल, तर दुसरं चक्र नोकरी करत द्या. मुख्य परीक्षेपर्यंत पोचला असाल तर तिसऱ्याचा विचार करायला हरकत नाही. थांबण्याची तारीख वहीत लिहा आणि घरी दाखवा.

जोडीला एक दुसरी वाट चालू ठेवा. मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टंकलेखनाचं शासकीय प्रमाणपत्र असेल तर गट-क मधलं लिपिक-टंकलेखक पद खुलं होतं. अनेक जण पूर्वपरीक्षा सुटल्यावर टायपिंगच्या क्लासला धावतात. ते एफ.वाय.च्या सुट्टीत उरकता येतं. टी.वाय.ला असताना पूर्वपरीक्षेचा अर्जही भरता येतो, तेव्हा पहिला प्रयत्न सरावासाठी तेव्हाच द्या.

पोलिस भरती आणि पी.एस.आय. यांची तयारी एकच का?

नाही. पोलिस शिपाई भरती बारावीवर होते आणि तिच्यात मैदान आधी असतं. मैदानाचे ५० गुण, लेखी १०० गुण. मुलांना १,६०० मीटर, १०० मीटर आणि ७.२६ किलोचा गोळा. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. १,६०० मीटरला पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. पी.एस.आय.ला पदवी लागते, ती आयोगाची परीक्षा आहे आणि लेखी आधी असते. तिथे उंची मुलांना १६५ आणि मुलींना १५७ सेंटिमीटर लागते, आणि खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा ३१ आहे. राज्यसेवेची ३८ डोक्यात ठेवून पी.एस.आय.चं वय उलटून जाणं, ही नेहमी दिसणारी चूक आहे.

उंची आजच मोजा, अनवाणी, भिंतीला टाच टेकवून. दीड सेंटिमीटर कमी असेल तर ते दोन वर्षांनी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. पळण्याचा सराव गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी करणारे खूप आहेत. पण डांबरी रस्त्यावर जुन्या बुटांनी पळून नडगीचं दुखणं लावून घेणारेही तितकेच आहेत. मातीवर पळा आणि अंतर हळूहळू वाढवा.

मेकॅनिकलला आहे. कॅम्पसमध्ये आयटी कंपन्याच येतात. कोअरला, म्हणजे आमच्याच शाखेच्या कामात, काही आहे का?

नाशिकमध्ये आहे. वाहनं, वाहनांचे सुटे भाग, विद्युत उपकरणं आणि टायर बनवणारे कारखाने सातपूर-अंबडला आहेत, शिवाय सिन्नर आणि गोंदे. ओझरला एच.ए.एल.चा विमान कारखाना १९६०च्या दशकात मिग विमानांसाठी उभा राहिला. आज तिथे सुखोई आणि तेजसचं काम चालतं. पदवी, पदविका आणि आय.टी.आय. झालेल्यांना तिथे शिकाऊ उमेदवार म्हणून जागा निघतात. शिकाऊ उमेदवारी म्हणजे कायम नोकरीचं आश्वासन नव्हे. पण कागदोपत्री शिस्त, मोजमाप आणि सुरक्षा यांची जी सवय तिथे लागते, ती पुढच्या मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत दिसते. आय.टी.आय.वाल्यांनी नाशिकरोडच्या दोन मुद्रणालयांच्या जाहिरातींकडेही लक्ष ठेवावं. तिथे मुद्रण आणि इतर ट्रेडमधून तंत्रज्ञांची भरती होते.

शॉपफ्लोअरवर नव्या इंजिनीअरला हमखास विचारलं जातं. ड्रॉइंगवर २५ ± ०.०२ लिहिलंय आणि तुमच्या हातात व्हर्नियर आहे. तुकडा पास करणार का? व्हर्नियरचा लघुत्तम माप ०.०२ मि.मी., म्हणजे जेवढी सूट दिली आहे तेवढंच त्याचं सर्वात लहान घर. त्याच्यावर भरवसा ठेवून चालत नाही, ०.०१ दाखवणारा मायक्रोमीटर घ्यावा लागतो. हे पुस्तकात आहे, पण हातात धरून मोजल्याशिवाय सुचत नाही. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये दोन तास जास्त थांबा.

कॅम्पसला बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी किंवा पदविका आणि पदवी या तिन्हींत ६० टक्के मागतात, शिवाय एकही विषय राहिलेला नको असतो. दुसऱ्या वर्षाचा राहिलेला गणिताचा पेपर "होईल नंतर" म्हणून पुढे ढकलू नका.

"शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणणाऱ्या डेटा ॲनालिटिक्सच्या क्लासला जावं का?

पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: मागच्या बॅचमधले किती जण कुठल्या पदावर लागले, मधेच सोडलं तर फी किती परत, शिकवणारा कोण, आणि हप्ते नेमके कुणाला द्यायचे. शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. "सोपे हप्ते" म्हणून ज्यावर सही घेतात, ते अनेकदा वित्त कंपनीचं कर्ज असतं. क्लास बंद पडला तरी हप्ता चालूच राहतो आणि थकला की सिबिल (कर्जफेडीची पत) खराब होतं.

त्याआधी फुकटात एक महिना स्वतः करून बघा. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत बाजार समितीचे कांद्याचे रोजचे भाव सरकारी संकेतस्थळांवर मिळतात. वर्षभराचे भाव एक्सेलमध्ये घ्या आणि महिन्याची सरासरी काढा. पहिली अडचण लगेच येईल. रविवारी, सणाला किंवा लिलाव बंद असताना रकाना रिकामा येतो. तो शून्य धरला तर सरासरी कोसळते, वगळला तर ती बरोबर येते. मग आवक आणि भाव यांचा आलेख काढा, मग तेच एस.क्यू.एल. या डेटाबेसच्या भाषेत करा. प्रत्यक्ष नोकरीत निम्म्याहून जास्त वेळ अशी घाण साफ करण्यातच जातो. हे करताना रात्र कशी सरली कळलं नाही, तर पुढे शिका. शिवाय मुलाखतीत दाखवायला तुमचा स्वतःचा प्रकल्प तयार झालेला असतो. क्लासने सगळ्यांना दिलेला एकसारखा प्रकल्प मुलाखत घेणारा लगेच ओळखतो.

ओळख नसताना इंटर्नशिप कशी मिळवायची?

लहान जागांपासून सुरुवात करा: पंधरा-वीस माणसांचा कारखाना, दोन सी.ए.चं कार्यालय, एखादं पॅकहाउस. मोठ्या कंपनीच्या गेटवरून अर्ज आत जात नाही, लहान कारखान्याचा मालक मात्र स्वतः भेटतो. कॉलेजचं शिफारसपत्र आणि ओळखपत्र जवळ ठेवा. कारखान्यात जायचं असेल तर सेफ्टी शूज लागतात आणि अपघात विम्याचं विचारून घ्या. महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस टाळा, तेव्हा माल बाहेर काढण्याची घाई असते. सी.ए.कडे जुलैत जाऊ नका, ३१ तारखेची विवरणपत्रांची मुदत डोक्यावर असते. द्राक्ष पॅकहाउस उलट: जानेवारी ते एप्रिल त्यांना माणसं हवीच असतात. रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स (रसातली गोडी) पाहणं, मण्यांचा आकार मोजणं, पेटीचं वजन, शीतगृहाची नोंद असं सगळं तिथे एका हंगामात शिकता येतं.

संदेश छोटा ठेवा. असा: "नमस्कार सर, मी एस.वाय.बी.कॉम.ला शिकते. १ ते ३१ मे रोज सकाळी १० ते ५ मी येऊ शकते. खरेदी-विक्रीच्या नोंदी आणि बँकेचा ताळमेळ मला येतो. मानधनाची अट नाही. शनिवारी दुपारी दहा मिनिटं भेटायला येऊ का?" "काहीही काम द्या" असं लिहिलेल्याला कुणी बोलावत नाही, कारण काम शोधायचा त्रास समोरच्यावर पडतो. दहा ठिकाणी गेलात तर दोन ठिकाणी हो म्हणतील असं धरून चला. महिना संपल्यावर कामाचा तपशील असलेलं पत्र मागून घ्या.

शाखाच चुकली असं वाटतंय. सोडू का?

आधी बघा की विषय नकोसा झालाय, कॉलेज नकोसं झालंय की एक पेपर राहिल्याचं दुःख आहे. विषयच नको असेल तर नव्या शैक्षणिक धोरणात वाट आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. त्यासाठी ठरलेला ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यास पूर्ण करावा लागतो आणि श्रेयांक ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा असावे लागतात. तुमचं खातं उघडलंय का आणि त्यात श्रेयांक दिसतात का, हे आज तपासा.

टी.वाय.ला असाल तर सहसा पदवी पूर्ण करा. बँक, आयोग, एम.बी.ए., कायदा या सगळ्यांना कुठलीही पदवी चालते. २०२२पासून एका वेळी दोन पदव्या करायला परवानगी आहे, म्हणून एक नियमित आणि दुसरी गंगापूर धरणाजवळच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, असंही करता येतं. दोन्हींच्या परीक्षांच्या तारखा एकमेकांवर येतात का, ते मात्र प्रवेशाआधी बघा.

बाबा म्हणतात सरकारी नोकरीच बघ. त्यांना कसं समजवायचं?

त्यांच्या बोलण्यामागचं कारण आधी मान्य करा. ज्या घरात अवकाळी पावसाने किंवा गारपिटीने एका रात्रीत द्राक्षाचं वर्ष गेलेलं पाहिलंय, तिथे एक तारखेला येणाऱ्या पगाराचं मोल मोठं असतं. कंपनीतून अचानक कमी केलेल्या माणसालाही ते तसंच वाटतं. "तुम्हाला नवीन जगातलं कळत नाही" असं म्हटलं की बोलणं तिथेच संपतं.

वर सांगितलेली वहीची तीन पानं त्यांच्यापुढे ठेवा. खर्च, महिने, पहिल्या पगाराचा अंदाज, आणि नाही जमलं तर काय करणार, एवढं लिहून द्या. मग एक तारीख मागा: "पुढच्या जूनपर्यंत मला हे करू द्या. तोवर नोकरी लागली नाही तर तुम्ही म्हणाल ती परीक्षा देते." बहुतेक घरांत "नाही"चं "बघू" होतं ते तारखेमुळे. नाइट शिफ्ट किंवा लांबच्या नोकरीला घरचे नको म्हणत असतील तर कंपनीची ने-आण, राहण्याची जागा आणि सोबतची एखादी मैत्रीण यांची माहिती आधी काढा. आई-बाबांना एकदा ती जागा दाखवून आणा.

कर्ज काढून शिकावं का?

हप्ता आधी काढा. ४ लाख रुपये, १० टक्के व्याज, ७ वर्षं: महिन्याला सुमारे ६,६४० रुपये. पहिल्या पगारातून खोलीभाडं, डबा आणि प्रवास वजा केल्यावर एवढे उरत असतील तरच पुढे जा. बँकांच्या नेहमीच्या योजनेत शिक्षण चालू असताना आणि नंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण त्या काळात व्याज चढत राहतं. जमेल तसं ते भरत गेलात तर पुढचा बोजा बराच हलका होतो.

कर्जाआधी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्त्या बघा. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ई.डब्ल्यू.एस., एस.ई.बी.सी. आणि ओ.बी.सी. प्रवर्गातल्या मुलींना २०२४-२५पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. प्रवेश केंद्रीय फेरीतून घेतलेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की ही माफी मिळत नाही, आणि हे अनेक घरांना फी भरल्यावर कळतं.

पुण्याला जाऊ की नाशिकमध्येच राहू?

सॉफ्टवेअर, डिझाइन, संशोधन या पदांसाठी पुण्या-मुंबईत जागा जास्त, तेव्हा तिथे जावं लागेल. उत्पादन, गुणवत्ता, लेखा, शेतमाल प्रक्रिया, आरोग्यसेवा यांत नाशिकमध्ये सुरुवात चांगली होते आणि घरी राहून पैसेही वाचतात. फक्त स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्याला जायची गरज फार थोड्यांना असते. तोच पैसा टेस्ट सिरीज आणि पुस्तकांना लावा.

दाखले कधी काढायचे?

टी.वाय.ची वाट बघू नका. जात पडताळणीला महिने लागू शकतात, म्हणून अर्ज आधीच करा. नॉन-क्रिमीलेयर चालू वर्षाचं लागतं. ३१ मार्चला मुदत संपलेलं प्रमाणपत्र जूनच्या प्रवेशाला चालत नाही, तेव्हा एप्रिलमध्येच सेतूत जाऊन नवीन काढा. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासही त्याच फेरीत उरकतात. शिक्षणात खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. बँक खातं आधारशी नुसतं जोडलेलं असून भागत नाही. शिष्यवृत्ती ज्या खात्यात हवी, तेच खातं आधारवरच्या थेट लाभासाठी नोंदलेलं आहे का, ते शाखेत विचारा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का, वडिलांच्या नावातली वेलांटीसुद्धा, हे एकदा दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.